पार्ट-टाइम की फुल-टाइम?

थर्ड इयरचं दुसरं सेमिस्टर सुरू झालं की आपल्या हॉस्टेलमध्ये दोन पक्ष पडतात. एक ‘गेट’वाल्यांचा आणि एक ‘कॅट’वाल्यांचा. (तिसरा पक्ष ‘आधी केट्या काढूया’वाल्यांचा, पण त्यांचा जाहीरनामा एका ओळीचाच असतो!) यंदा कॅटवाल्यांच्या पक्षातही फूट पडली आहे. रात्री अकरा वाजता मॅगी शिजत असताना एक गट म्हणतो, “एमबीए करायचं तर फुल-टाइम, नाहीतर करूच नये.” दुसरा म्हणतो, “नोकरी करता करता पार्ट-टाइम करावं, घरच्यांवर भार कशाला?” मॅगी संपते, पण वाद काही संपत नाही.

बरेच दिवस मी या वादात नुसती श्रोता होते. पण दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा बाबांनीच विचारलं, “पुढे काय ठरवलंयस?” आणि मग मला वही-पेन घेऊन बसावंच लागलं. त्या वहीतलं थोडं इथे मांडते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावेत. विचार मात्र मराठीतच केलाय, कारण आमच्या घरी पैशांचा विचार मराठीतच होतो.

माझं घर पेणचं आणि आजोळ रोह्याचं. मधे कासू, नागोठणे आणि निडी एवढीच स्टेशनं. पण दोन्ही गावांचं घड्याळ अगदी वेगळं. रोह्याचं घड्याळ धाटावच्या एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्यांच्या शिफ्टवर चालतं. पेणचं घड्याळ चालतं गणपतीवर. पेण, हमरापूर, जोहे या भागात घरोघरी मूर्तींचे कारखाने आहेत. ‘कारखाना’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर चिमणी येत असेल. आमचा कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, रबरी साचे, शाडूचा आणि रंगांचा वास, आणि फळ्यांवर ओळीने बसलेले पांढरेशुभ्र गणपती. इथे काम जवळजवळ वर्षभर चालतं, पण पैसा येतो तो मुख्यतः श्रावण-भाद्रपदात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती बोटीने जायच्या म्हणून कित्येक महिने आधी निघतात, त्यांचे थोडे पैसे लवकर मिळतात. बाकी वर्षभर माती, रंग, मजुरी, वीज हा सगळा खर्च आधी आणि कमाई नंतर. हे चक्र मी लहानपणापासून पाहत आले आहे. नंतर मॅनेजमेंटच्या पुस्तकात ‘वर्किंग कॅपिटल’ हा शब्द वाचला तेव्हा जुनी ओळख निघावी तसं झालं.

आता आधी दोन्ही बाजू नीट समजून घेऊ, कारण हॉस्टेलमधल्या वादात माहिती कमी आणि आवाज जास्त असतो.

फुल-टाइम म्हणजे दोन वर्षं, दिवसभर कॉलेज, मधल्या उन्हाळ्यात साधारण दोन महिन्यांची इंटर्नशिप आणि शेवटी कॅम्पस प्लेसमेंट. आपल्या देशात हा साचा अमेरिकेच्या मदतीने आला. १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबाद इथे पहिल्या दोन आयआयएम निघाल्या. अहमदाबादला हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने मदत केली, कलकत्त्याला एमआयटीच्या स्लोन स्कूलने. मुंबई विद्यापीठाने १९६५ साली चर्चगेटला जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट काढली, ती स्टॅनफर्डच्या सहकार्याने. पवईची ‘नायटी’ तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. २०२३ मध्ये तीच आयआयएम मुंबई झाली. राज्यातल्या बाकीच्या कॉलेजांसाठी सीईटी आहेच.

पार्ट-टाइम म्हणजे मुंबई विद्यापीठाचे मार्केटिंग, फायनान्स किंवा एचआरमधले मास्टर्सचे कोर्स. दिवसा नोकरी, संध्याकाळी लेक्चर, आणि मुदत तीन वर्षं. यात एक मेख आहे, ती आपल्या वादात कुणी सांगत नाही. या कोर्सना साधारणपणे पदवीनंतर किमान दोन वर्षांचा नोकरीचा अनुभव मागतात. म्हणजे बीईचा रिझल्ट लागला आणि लगेच पार्ट-टाइमला बसलो असं होत नाही. आधी दोन वर्षं नोकरी, मग तीन वर्षं कोर्स, असा पाच वर्षांचा हिशोब धरायचा. आणि फुल-टाइमवाल्यांना मिळते तशी कॅम्पस प्लेसमेंट इथे बहुधा नसते. नोकरी आहे असं गृहीतच धरलेलं असतं.

केमिकलवाल्या मैत्रिणींसाठी सोप्या भाषेत सांगायचं तर फुल-टाइम म्हणजे बॅच रिअॅक्टर. सगळा माल एकदम आत घालायचा, झाकण लावायचं आणि ठरलेला वेळ संपेपर्यंत बाहेर काहीही मिळणार नाही हे मान्य करायचं. पार्ट-टाइम म्हणजे कंटिन्युअस रिअॅक्टर. एका बाजूने आत जातंय, दुसऱ्या बाजूने बाहेर येतंय, पण प्लांट एक दिवसही बंद ठेवता येत नाही. यात श्रेष्ठ कोण असं सीआरईच्या सरांना विचारलं तर ते म्हणतील, “रिअॅक्शन कुठली आहे ते सांग आधी.” आमच्या घरी झालं ते असंच. प्रश्न कोर्सचा वाटत होता, निघाला घराचा.

माझ्या घरात या दोन्ही कोर्सचा अनुभव घेतलेली माणसं आहेत. आधी मामाचं सांगते.

मामा रोह्याचा, धाटावच्या एका कंपनीत केमिकल इंजिनिअर. सव्विसाव्या वर्षी त्याला मुंबईत पार्ट-टाइमला अॅडमिशन मिळाली. आजीने गल्लीत पेढे वाटले. रोह्यात शिकण्याचा विषय निघाला की सी. डी. देशमुखांचं नाव निघतंच. त्यांचं लहानपण रोह्यात गेलं, १९१२ साली मॅट्रिकला ते पहिले आले, १९१८ साली आयसीएसच्या परीक्षेतही पहिले, आणि १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. आजीच्या मते आता मामाचाच नंबर होता!

पण मामाची नोकरी शिफ्टची. एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड, एक आठवडा नाइट. सेकंड शिफ्ट दुपारी तीन ते रात्री अकरा, म्हणजे त्या आठवड्यात लेक्चर शून्य. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात तीनला सुटला की तसाच स्टेशनवर. रोहा ते पनवेल ७५ किलोमीटर, आणि या मार्गावर गाड्या मोजक्याच. पुढे पनवेलहून सीएसएमटीला लोकलने साधारण एक तास वीस मिनिटं. वर्गात पोचेपर्यंत पहिलं लेक्चर अर्धं झालेलं. लेक्चर सुटल्यावर रोह्याला परत यायला गाडी नाही, म्हणून पनवेलला मित्राकडे झोपायचं आणि पहाटे उठून फर्स्ट शिफ्ट गाठायची. एक वर्ष त्याने हे केलं. कंपनीकडे कायमची जनरल शिफ्ट मागितली, पण सगळेच दिवसा आले तर रात्री प्लांट कोण चालवणार? शेवटी त्याने कोर्स सोडला.

मी विचारलं तेव्हा मामा हसून म्हणाला, “अगं, कोर्स पार्ट-टाइमच होता. प्रवास फुल-टाइम होता.”

या एका वाक्यात मला पार्ट-टाइमचं खरं गणित कळलं. संध्याकाळचे कोर्स ज्यांच्यासाठी काढले ती माणसं फोर्टात, अंधेरीत, बीकेसीत सहाला ऑफिसातून सुटणारी. चर्चगेट, माटुंगा, विद्याविहार त्यांना अर्ध्या-पाऊण तासावर. आपल्या जिल्ह्यातली नोकरी म्हणजे धाटाव, नागोठणे, डोलवी, म्हणजे बहुतेक चोवीस तास चालणारे प्लांट. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू झाला, पेणहून मुंबई जवळ आली हे खरं. पण त्यासाठी गाडी लागते, टोल लागतो, आणि शिफ्ट तर सेतूवरून जाऊनही बदलत नाही. तेव्हा रायगडात नोकरी आणि मुंबईत पार्ट-टाइम हे कागदावर जमतं, अंगावर जमत नाही. मामाने पुढे इग्नूतून एमबीए केलं. पुस्तकं पोस्टाने रोह्याला यायची, नाइट शिफ्टला निवांत वेळ मिळाला की वाचायचा. आज तो प्रॉडक्शन मॅनेजर आहे. पण तो म्हणतो, “वर्गात बाजूला बसलेल्या माणसाशी भांडून जे कळतं, ते पोस्टाने येत नाही.”

आता ताईचं. ताई म्हणजे माझी चुलत बहीण. तिने पुण्यात फुल-टाइम केलं, कर्ज काढून. दोन वर्षांत ती इतकी बदलली की ओळखू येईना. मेकॅनिकलची मुलगी फायनान्समध्ये गेली. रात्री दोन-दोनपर्यंत केसवर चर्चा, मग सकाळी प्रेझेंटेशन, देशभरातले मित्र-मैत्रिणी. ताई म्हणते, नोकरीतून दमून आल्यावर हे झालंच नसतं. डोकं पूर्ण रिकामं करून एखाद्या गोष्टीत घालता येणं ही चैन आहे, आणि ती आयुष्यात एकदा तरी करावी. ही फुल-टाइमची बाजू मला मनापासून पटते. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या कुणालाही पटेल. आपण इथे वर्गात जेवढं शिकतो त्याहून जास्त सबमिशनच्या आदल्या रात्री एकमेकींकडून शिकतो!

पण तिचं कर्ज बारा लाखांचं. दहा टक्के व्याज आणि सात वर्षं धरली तर महिन्याचा हप्ता जवळजवळ वीस हजार येतो. (कॅल्क्युलेटर काढून बघा. शिकत असतानाचं व्याज यात धरलेलं नाही.) शिवाय ती दोन वर्षं जो पगार मिळाला असता तो बुडाला, तो वेगळाच. महिना पंचवीस हजार धरला तरी सहा लाख. ताईला चांगली नोकरी लागली, हप्ते वेळेवर जातात, तक्रार काहीच नाही. फक्त एकदा बोलता बोलता म्हणाली, “पहिली दोन वर्षं मला कुठलं काम आवडतं हा प्रश्नच पडला नाही. हप्ता कुठल्या पगारातून जाईल एवढाच पडला.”

ही दोन उदाहरणं समोर ठेवून मी वहीत दोन रकाने आखले. आणि तेव्हा बाबा सहज म्हणाले, “फुल-टाइम कर. शेडची जागा गहाण ठेवू, त्यात काय एवढं!”

त्यांना वाटलं मी खूश होईन. मला रात्रभर झोप आली नाही.

कारण कारखान्याचा हिशोब मी ठेवते. शनिवार-रविवारी घरी गेले की ऑर्डरची वही, उधारीची वही आणि मजुरीची वही माझ्याकडे. मला माहीत आहे की दरवर्षी माती आणि रंग घ्यायला बाबा जे कर्ज काढतात ते त्याच जागेच्या जोरावर. ती जागा माझ्या शिक्षणासाठी बँकेत अडकली, तर पुढच्या सीझनचा माल कशावर आणायचा? आणि धंदा तरी कुठे शांत आहे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या आणि पीओपीच्या मूर्तींवर बंदीची टांगती तलवार आली. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. मधली पाच वर्षं आमच्या भागातला प्रत्येक कारखानदार साचे किती करावेत, माती किती भरावी याचा अंदाज बांधत बसला होता. ज्या जागेवर आधीच एक जोखीम बसली आहे, तिच्यावरच माझी दुसरी जोखीम बसवायची? मॅनेजमेंट शिकायला जाण्याआधीच मॅनेजमेंटचा पहिला पेपर नापास झाल्यासारखं होईल ते!

म्हणून मग मी शैक्षणिक कर्जाचे नियम काढले. ते सगळ्यांनाच उपयोगी पडतील म्हणून लिहिते. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत घर-जमीन तारण ठेवावी लागत नाही. त्याच्यावर गेलं की तारण मागतात. मात्र आयआयएमसारख्या नामवंत संस्थांसाठी काही बँका तारणाशिवायही मोठं कर्ज देतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेतही निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत. कोर्स संपल्यावर साधारण वर्षभर हप्ता सुरू होत नाही, आणि भरलेल्या व्याजावर आयकराच्या जुन्या पद्धतीत सूट मिळते.

याचा सरळ अर्थ असा. अहमदाबादची फी वीस लाखांच्या पुढे असली तरी तिथे नंबर लागला तर बाबांची जागा सुरक्षित. सरकारी किंवा विद्यापीठाच्या संस्थेत फी आणि राहण्याचा खर्च साडेसात लाखांत बसला तरी जागा सुरक्षित. धोका आहे तो या दोन्हींच्या मधे. जिथे फी मोठी, बिल्डिंग काचेची, माहितीपुस्तक गुळगुळीत, आणि बँक मात्र विचारते, “तारण काय?” बँकेचा हा प्रश्न मला अपमानाचा वाटत नाही. बँक आपल्यापेक्षा थंड डोक्याने त्या संस्थेला मार्क देत असते, एवढंच.

हे सगळं मी आईला वाचून दाखवत होते. आई मूर्तींची आखणी करत होती. आखणी म्हणजे डोळे रेखायचं काम. हात जरा हलला की मूर्तीचा चेहराच बदलतो, म्हणून तेव्हा तिच्याशी कुणी फारसं बोलत नाही. तरी तिने ऐकलं आणि ब्रश न उचलता विचारलं, “तू नसशील तेव्हा वह्या कोण लिहील, ते लिहिलंस का?”

नव्हतं ते माझ्या रकान्यात. माझ्या वहीत फी होती, व्याज होतं, बुडालेला पगार होता. पण मी पूर्णवेळ शिकणार म्हणजे माझं घरचं काम दुसऱ्या कुणाच्या तरी वेळातून निघणार, हे कुठल्याच माहितीपुस्तकात छापलेलं नसतं. आई सकाळी डबे करते, दुपारी रंगकामाच्या बायकांची मजुरी बघते, संध्याकाळी आखणी करते. तिच्या कामाला पार्ट-टाइम म्हणायचं की फुल-टाइम? आमच्याकडे रंगाला येणाऱ्या बायकाही भातलावणीच्या दिवसांत शेतात असतात आणि बाकीच्या वेळी शेडमध्ये. त्यांना पूर्ण वेळ आणि अर्धा वेळ यातून निवडायची संधी कधी कुणी दिलीच नाही. माझ्यापुढे हा प्रश्न आहे हीच मोठी गोष्ट आहे, आणि तो माझ्यापुढे यावा म्हणून कुणीतरी आपला वेळ आधीच भरलेला आहे.

त्यामुळे ‘कुठला कोर्स चांगला’ हा प्रश्न मी वहीतून खोडला. त्या जागी लिहिलं, ‘माझा वेळ कोण भरणार?’ मग उत्तर बऱ्यापैकी सोपं झालं.

मी ठरवलंय ते असं. बीई झाल्यावर आधी दोन वर्षं नोकरी. धाटावला मिळाली तरी चालेल, मामाच्या डब्यात माझीही भाजी! या दोन वर्षांत फीसाठी शिल्लक पडेल, अनुभव जमेल, आणि कारखान्याच्या वह्या कॉम्प्युटरवर चढवून धाकट्या भावाला शिकवता येतील. तो आता नववीत आहे, तोवर बारावीच्या पुढे जाईल. त्या काळात कॅट आणि सीईटी दोन्ही द्यायच्या. जागा गहाण न ठेवता फुल-टाइम जमलं, तर फुल-टाइम, आणि मग मागे वळून बघायचं नाही. नाही जमलं, तर दिवसाची ड्यूटी असलेली नोकरी नवी मुंबईत किंवा मुंबईत बघायची, राहायलाही तिकडेच जायचं, आणि मगच पार्ट-टाइमचा फॉर्म भरायचा. रोह्यात नोकरी आणि चर्चगेटला लेक्चर असली कसरत करायची नाही. मामाने ती करून दाखवली आहे, घराण्यात एक पुरे!

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे जागा नको तुला?” मी म्हटलं, “हवी ना, म्हणूनच.” त्यांनी मान डोलावली आणि साचा उघडायला घेतला. आमच्या घरी एवढ्यालाच होकार म्हणतात.

मैत्रिणींनो आणि मित्रांनो, तुमची उत्तरं वेगळी असतील, असायलाच हवीत. कुणाच्या घरी शेती असेल, कुणाच्या घरी आजारी माणूस, कुणाच्या घरी खरंच काही अडचण नसेल (त्यांनी बिनधास्त फुल-टाइम करावं, आणि मॅगीचे पैसेही त्यांनीच द्यावेत). माझी विनंती एवढीच, की कोर्सच्या माहितीपुस्तकाशेजारी घरची वही ठेवून बघा. त्यात एखादा रकाना कोरा दिसेल. तो भरल्याशिवाय फॉर्म भरू नका.